फोन बरोबर मोजतो, ही तक्रार

"ओ म्याडम, तुमचा गेम लई बरोबर मोजून राहिला. ते तेवढं बंद करा."

फोनवरचा माणूस चिडलेला नव्हता, काकुळतीला आलेला होता. मी हेडफोन नीट बसवला आणि विचारलं, "चुकीचं मोजतोय, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"न्हाई हो. चुकीचं मोजला असता तर कशाला फोन लावलो असतो? बरोबर मोजतो. तीच तक्रार हाय."

मी टेस्टर आहे. म्हणजे सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी ते मुद्दाम वेडंवाकडं वापरून बघायचं आणि कुठे चुकतं ते दाखवून द्यायचं. अशा चुकीला आमच्याकडे बग म्हणतात. चुका काढण्याचा मला पगार मिळतो. हेच काम मी सासरी फुकट करते, तर कुणाला कौतुक नाही. गेम अडकतो, आवाज येत नाही, जाहिरात जात नाही, असल्या तक्रारी मी रोज ऐकते. बरोबर मोजतो ही तक्रार मात्र पहिलीच होती.

आमची कंपनी छोटी. लातूरला ट्युशनच्या भागात खाली पोरांची मेस आहे, वर आम्ही. खाली वरणाला फोडणी बसली की वर आमची मीटिंग आपोआप संपते. कोड विक्रम सर लिहितात, कंपनीही त्यांचीच. तपासते मी, आणि ग्राहकांचे फोनही मीच घेते. घरोघरी खेळले जाणारे जुने बैठे खेळ आम्ही फोनवर आणतो. त्यातला सगळ्यात जास्त चालणारा म्हणजे अष्टाचंगा.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाच बाय पाच घरांचा पट, फरशीवर खडूने आखला तरी चालतो. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं सोंगटी पुढे न्यायची. बाहेरून फेरी मारून सोंगटी आतल्या घरांत शिरते आणि मधल्या घरात पोचली की सुटली. वाटेत समोरच्याच्या सोंगटीवर तुमची सोंगटी जाऊन पडली की त्याची मेली, तिनं पुन्हा पहिल्यापासून निघायचं. आणखी एक नियम आहे, तो लक्षात ठेवा. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय तुम्हाला आत शिरता येत नाही. तोवर दारात थांबायचं.

फोनवर होते मुरुडचे बसवराज अप्पा. त्यांचं धान्याचं आडतदुकान. त्यांची मोठी बहीण महानंदा, अप्पा तिला अक्का म्हणतात. ती नांदेडला दिलेली, आता नांदेडजवळच विष्णुपुरीला मुलाकडे असते. मुलानंच दोघांच्या फोनवर आमचा गेम टाकून दिला होता. दुपारी आडतीत सामसूम झाली की अप्पा मुरुडहून आणि अक्का विष्णुपुरीहून खेळत. सोबत कॉल चालू ठेवून गप्पाही मारत.

"मग अडचण कुठे आली?" मी विचारलं.

"तुमच्या गेमनं मह्या हातानं मह्या बहिणीची सोंगटी मारली. चार दिवस झाले, ती फोन उचलून नाही राहिली."

झालेला डाव आमच्याकडे पुन्हा चालवून बघता येतो. मी तो बघितला. अप्पांच्या तीन सोंगट्या दारात येऊन थांबलेल्या होत्या, कारण त्यांनी अक्काची एकही मारली नव्हती. चौथी एकटी मागे होती. कवड्या टाकल्या, तीन पडले. बरोबर तिसऱ्या घरात अक्काची सोंगटी. आमच्या नव्या व्हर्जनमध्ये ऑटो चाल नावाची सोय आहे. एकच सोंगटी हलण्यासारखी असेल, तर खेळणाऱ्याला त्रास नको म्हणून फोनच ती हलवतो. फोनने तीन घरं मोजली, हलवली, मारली. वर ढोल वाजला आणि ठळक अक्षरांत आलं, 'बसवराज ने महानंदा ला मारले!' शेजारी रडणारा चेहरा. ती कल्पना सरांची होती आणि त्यावर ते फार खूश होते. पुढच्या काही चालींत अप्पांच्या दारातल्या सोंगट्या आत शिरल्या, अप्पा जिंकले आणि पडद्यावर फटाके फुटले.

मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, "यात बग कुठे आहे? मोजणी बरोबर, नियम बरोबर. बहीण रुसली त्याला आपण काय करणार? तक्रार बंद कर."

मी बंद केली. कागदोपत्री त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा स्वतःच ऑफिसात हजर. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात फोन. दारातच हात जोडून म्हणाले, "शरणार्थ. मुरुडहून आलोय. काल तुमच्याशीच बोललो न्हवं का?"

सरांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग समजावण्याच्या सुरात म्हणाले, "अप्पा, गेम नियमानं चालतो. तुमच्यासाठी नियम बदलला तर बाकीचे म्हणतील, चीटिंग होतंय."

"नियम कशाला बदलता साहेब? नियम हाय तसाच राहू द्या. सोंगटी तेवढी माणसाला हलवू द्या."

"तुम्ही हलवली काय आणि फोननं हलवली काय, तीन म्हणजे तीनच ना?"

 बंडीच्या खिशातून अप्पांनी चार कवड्या काढल्या. "खडू हाय का?"

ट्युशनच्या भागात खडूला काय तोटा! मेसमधून खडू आला. अप्पांनी फरशीवर पट आखला. सोंगट्या म्हणून एकाला हरभरे, दुसऱ्याला बांगडीचे तुकडे हवे होते. हरभरे मेसमधून आणले, बांगडीऐवजी माझ्या डब्यातले शेंगदाणे घेतले. सर पँट सावरत मांडी घालून बसले. फोनवरचा अष्टाचंगा लिहिणारा माणूस फरशीवरचा अष्टाचंगा शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच खेळत होता. पाच मिनिटांत सर इतके रंगले की दोन कॉल त्यांनी न बघताच कापले.

अप्पा खेळताना सतत बोलत होते. तुरीचा भाव, सरांचं गाव कोणतं, मेसचं वरण पातळ का. बोलता बोलता कवड्या टाकायच्या आणि बोटानं टकटक करत सोंगटी न्यायची. एकदा अप्पांना चार पडले, चंगा. चौथ्या घरात सरांचा शेंगदाणा होता. अप्पांनी मोजलं, "येक, दोन, तुमचे वडील काय करतात साहेब, तीन, चार," आणि हरभरा तिसऱ्या घरात ठेवून दिला.

सरांना कळलं नाही. ते वडिलांविषयी सांगत होते. मला मात्र दिसलं, कारण तेच माझं काम आहे. मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर पटावर नेली. चोरी पकडलेल्या पोरासारखे कानापर्यंत लाल झाले.

डाव सर जिंकले. फार आनंदले. "बघा अप्पा, अजून विसरलो नाही!" असं म्हणत चहा सांगायला स्वतः खाली गेले.

मी अप्पांना हळूच विचारलं, "अक्कांशी खेळतानाही असंच मोजता?"

त्यांनी कवड्या तळहातावर फिरवल्या. मग म्हणाले, "पंचमीला ती माहेरी यायची. आमचे आईवडील गेले तवापासून तिचं माहेर म्हणजे मीच. लेक माहेरी येती ती चार दिवस. त्यात भावानं तिची सोंगटी मारून तिला माघारी धाडायची? मला न्हाई जमलं. म्हणून चुकायचो. कधी येक घर मागं, कधी येक घर पुढं. ती जिंकायची. सगळ्या घराला ऐकू जाईल असं हसायची."

"म्हणजे तुम्ही कधीच आत शिरला नाही?"

"मारल्याबिगर कसं शिरणार? दारातच ऱ्हायचो की." आणि ते हसले. "दारात बसायला आडत्याला काय लाज?"

फोनवर खेळायला लागल्यापासून ते दुसरीच सोंगटी हलवून वेळ मारून नेत होते. त्या दिवशी हलवायला दुसरी उरलीच नव्हती.

"मग अक्कांना खरं सांगून टाका ना, की फोननं मारली."

अप्पांनी मान हलवली. "तसं सांगितलं तर ती म्हणंल, मग एवढे वर्ष कोण मोजून राहिलं होतं? तिला कळंल, ती जिंकली न्हाई, मी जिंकू दिलो. तिचं ते हसणं बी खोटं पडंल. न्हाई म्याडम. ते तिचं हाय. ते मी न्हाई घेणार."

मी फरशीवरचे हरभरे गोळा करायला लागले. 

अजून एक काटा होता, तोही अप्पांनीच सांगितला. आषाढ सरत आला होता, पंचमी तोंडावर. अक्काचे गुडघे दुखतात म्हणून अप्पांनी फोनवर म्हटलं होतं, "अक्का, यंदा नको येऊ." त्यांनी काळजीनं म्हटलं. आणि त्यानंतर लगेच हा डाव झाला. आधी येऊ नको म्हणणारा भाऊ, मग सोंगटी मारणारा भाऊ. अक्कानं त्याचा काय अर्थ लावला असेल, ते सांगायला टेस्टर लागत नाही.

अप्पा गेल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. तिसऱ्या घरातल्या हरभऱ्याचंही सांगितलं. सरांचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी जिंकलो नव्हतो?"

"नाही सर."

"आणि मी चहा पाजला त्यांना." त्यांनी फरशीवरच्या खडूच्या पटाकडे बघितलं. मग म्हणाले, "पण मोजणी तपासायचीच नाही, असा गेम काढायचा? लोक लबाडी करतील."

"करतील. पण त्यांची आजी शेजारी बसलेली असेल. ती बघेल. आपल्याला कशाला बघायला हवं?"

"आणि आपण 'मारू नको' असं बटणच दिलं तर? दाबलं की सोंगटी सोडली?"

"मग समोरच्या पडद्यावर दिसेल की सोडली. ते तर अजिबात दिसायला नको."

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांना प्रश्न आवडला होता, हे मला ओळखू येतं. असा प्रश्न मिळाला की ते जेवायला उठत नाहीत. त्या दिवशीही मेसची फोडणी बसली आणि विरली.

त्यातून निघाला 'घरचा पट'. त्यात कवड्या फोन टाकतो, पण सोंगटी खेळणाऱ्यानं बोटानं ओढून ठेवायची. कुठेही ठेवा, फोन हूं की चूं करत नाही. ऑटो चाल नाही, ढोल नाही, रडणारा चेहरा नाही. तो चेहरा काढताना सरांनी मोठा उसासा टाकला.

तपासायची वेळ आली तेव्हा माझी पंचाईत झाली. आमच्या कामात आधी अपेक्षित निकाल लिहायचा असतो, मग तो येतो का ते बघायचं. मी लिहिलं, 'तीन पडल्यावर सोंगटी दुसऱ्या घरात ठेवता आली पाहिजे. कोणालाही काहीही कळता कामा नये.' सरांनी ते वाचलं आणि खाली सही केली.

शनिवारी मी नांदेडला माहेरी जाणारच होते. विष्णुपुरीला अक्कांकडे जाऊन नवं व्हर्जन टाकून देते, असं सरांना सांगितलं. अप्पांना फक्त इतकंच कळवलं की दुपारी आडतीत बसून राहा, फोन जवळ ठेवा.

अक्का उंचापुऱ्या, घट्ट अंबाडा, डोळ्यांवर जाड चष्मा. पाय लांब करून दिवाणावर बसल्या होत्या, गुडघ्यांना पट्टे. मी कंपनीतून आले म्हटल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बसूनं धाडलं का तुला?" बसू म्हणजे अप्पा.

"नाही अक्का. गेम सुधारलाय, तो टाकायला आले."

"कामून? चांगला तर होता. बरोबर मोजत होता."

त्यांनी हे असं म्हटलं की मी बॅगेत हात घातला तो तसाच राहिला. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि मग खिडकीकडे बघत बोलू लागल्या.

"तू लातूरची का नांदेडची?"

"नांदेडची. नोकरी लातूरला."

"आडतदुकान पाहिलंस कधी? पोत्यांची थप्पी लागलेली असती. महा भाऊ दारातून नुसता बघतो आणि किती पोती ते सांगतो. कधी एक पोतं इकडं न्हाई, तिकडं न्हाई. तो माणूस तीन घरं मोजताना चुकतो, होय ग?"

मी बॅगेची चेन उगाच उघडबंद केली. दोन्ही बाजूंचं गुपित पोटात घेऊन बसायची मला सवय नाही.

"मला पहिल्यापासून ठाऊक हाय," अक्का म्हणाल्या. "तो मोजाया लागला की मी पान लावत बसायची. न्हाई तर पोराला हाक मारायची. त्याला वाटायचं, हिचं ध्यान न्हाई. त्यानं चुकायचं आणि मी दुसरीकडं बघायचं. जिंकले की मोठ्यानं हसायची, म्हणजे त्याला बरं वाटावं. आता हे मोबाइलवर आलं तवा मला वाटलं, इथं बी तो काहीतरी करंलच. करत बी होता. दुसरीच सोंगटी हलवायचा."

त्यांचा आवाज जरा खाली गेला. "आणि मग आधी म्हणला, पंचमीला नको येऊ. आणि मग बरोबर मोजला. मला वाटलं, त्याला आता चुकायचा कंटाळा आला. म्हातारी झाले की मी. किती दिवस चुकंल बिचारा?"

मी अप्पांना शब्द दिलेला नव्हता, पण दिल्यासारखाच होता. तरी मला राहवलं नाही. त्यांचं गुपित न फोडता जेवढं सांगता येईल तेवढं सांगायचं ठरवलं.

"अक्का, त्या दिवशी अप्पा मोजलेच नाहीत. एकच सोंगटी उरली की आमचा फोन स्वतःच चाल करतो. अप्पांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं."

अक्कांनी चष्मा काढला. "त्याच्या हातात नव्हतं?"

"नव्हतं. आता नव्यात आहे."

त्या बराच वेळ चष्म्याची काच पदरानं पुसत राहिल्या. मग काच पुसून झाली तरी पदर डोळ्यांशीच होता. सून चहा घेऊन दारात आली आणि तशीच परत आत गेली.

मग अक्कांनी फोन माझ्या हातात दिला. "लाव त्याला. आणि काय सुधारलंस ते टाक. ह्यातलं त्याला काही सांगू नको. त्याला वाटू दे, मला ठाऊक न्हाई."

अप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"अक्का?"

"पट मांड," अक्का म्हणाल्या. इतक्या दिवसांच्या अबोल्याबद्दल एवढंच.

मी अक्कांच्या फोनवर 'घरचा पट' चालू करून दिला, अप्पांना कॉलवरच सांगून त्यांच्याकडेही चालू करायला लावला आणि बाजूला बसले. सुरुवातीला दोघंही अवघडलेले होते. मग अप्पांनी मेसच्या वरणाचा विषय काढला. अक्कांनी त्यांच्या एक-दोन सोंगट्या झोडून काढल्या आणि घर दणाणून जाईल असं हसल्या. सून आतून म्हणाली, "बाई माझी, आल्या बघा जाग्यावर."

मग अप्पांना दोन पडले. मी पडद्याकडे बघत होते. दुसऱ्या घरात अक्काची सोंगटी. पलीकडून आवाज आला, "येक, अक्का तुझ्या गुडघ्याला ते तेल लावून राहिलीस का, दोन." सोंगटी सरकत आली आणि पहिल्याच घरात थांबली.

फोन काही बोलला नाही.  कंपनीच्या कुठल्याही रिलीजला मला इतकी धाकधूक झालेली नाही.

अक्का तेवढ्या वेळात खिडकीबाहेर बघत होत्या. अगदी लक्षपूर्वक. खिडकीबाहेर शेजारच्यांची मोटारसायकल उभी होती, बाकी काही नव्हतं.

"झालं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"झालं. चाल की तू," अप्पा म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "अक्का, पंचमीला गाडी धाडून राहिलो. मागच्या सीटवर पाय लांब करून ये. गुडघ्याखाली टाकायला तक्क्या ठेवतो."

"बघू," अक्का म्हणाल्या. पण सुनेला हाक मारून माळ्यावरची पिशवी काढायला सांगितली.

पंचमीला त्या मुरुडला गेल्या. खडूच्या पटावर खेळल्या की फोनवर, ते मी विचारलं नाही. त्यांना आणायला गाडी धाडताना अप्पांनी मला कॉल केला होता. आभार वगैरे काही मानले नाहीत. म्हणाले, "म्याडम, तिला काही कळलं न्हाई ना?" मी म्हटलं, "काहीच नाही अप्पा."

'घरचा पट' आमच्या गेममध्ये अजून आहे. तो आता इतर घरांतही खेळला जातो. त्या घरांत कोण कोणासाठी चुकतंय, ते आम्ही बघत नाही. सर म्हणतात, तो आपला प्रश्न नाही.

माझं काम मात्र थोडं बदललं आहे. प्रत्येक नवं व्हर्जन बाहेर जायच्या आधी मी घरचा पट उघडते. कवड्या टाकते आणि मुद्दाम एक घर कमी मोजते. गेमनं अडवलं, तर फेल. चुकू दिलं, तर पास.